गिझर चालू स्थितीत

घर भाड्यानं देताना जो करारनामा करतात, त्याच्या शेवटी एक यादी जोडलेली असते. पंखे तीन, ट्यूबलाइट चार, स्वयंपाकघरात लॉफ्टला दारं, बाथरूममध्ये आरसा एक, गिझर एक, सर्व चालू स्थितीत. मीरा रोडच्या शांतीनगरमधल्या आमच्या वन-रूम-किचनची ही यादी मी गेली पंधराएक वर्षं प्रत्येक नव्या कराराला जशीच्या तशी उतरवत आले. मधल्या काळात ट्यूबलाइट जाऊन एलईडी आले, ते मी इमानदारीनं दुरुस्त केलं. ‘गिझर चालू स्थितीत’ हे तीन शब्द मात्र तसेच राहिले. चालू स्थिती म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न जानेवारी २०२४ मधल्या एका सकाळपर्यंत मला पडलाच नव्हता.

सकाळी साडेसातला फोन आला. आमच्याकडे तेव्हा सांगलीकडचं एक कुटुंब राहत होतं. नवरा बोरिवलीला नोकरीला, बायको घरी ब्लाउज शिवणारी, मुलगी चौथीत. “काकू, छोटी बाथरूममध्ये पडली. दार आतून बंद होतं.” पुढचं तिला बोलवेना. आम्ही आता भाईंदर पश्चिमेला राहतो. रिक्षानं पोचेपर्यंत वडिलांनी खांद्यानं दार ढकलून कडी उखडली होती आणि पोरीला उचलून खिडकीपाशी आणलं होतं. ती शुद्धीवर आली होती, पण ओकत होती आणि आईला ओळखल्यासारखं करत नव्हती. करोनाच्या दिवसांत घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात होता. वडिलांनी तो लावला. आकडा आला ९८. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थंडीच्या दिवसांत उपाशीपोटी गरम पाण्यानं अंघोळ केली, चक्कर आली असेल, असं शेजारच्या आजी म्हणाल्या आणि मलाही ते पटलं.

पटलं नाही ते खालच्या मजल्यावर दवाखाना असलेल्या डॉक्टरांना. त्यांनी मुलीला तपासायच्या आधी एकच विचारलं, “गिझर गॅसवरचा आहे का? बाथरूमच्या आत?” उत्तर ऐकल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि तडक इस्पितळात पाठवलं. तिथं तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी घरी आली. आज ती ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्यांचं पुढच्या मजकुराकडे लक्ष लागायचं नाही.

ऑक्सिमीटरनं फसवलं कसं, ते मला नंतर कळलं. गॅस पुरेशा हवेत जळला की पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. बोटाला लावायच्या साध्या यंत्राला लाल रक्त दिसतं. ते ऑक्सिजननं लाल आहे की या विषानं, हे त्याला कळत नाही. म्हणजे माणूस गुदमरत असतो आणि आकडा ९८ दाखवत असतो. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, कधी फिट आल्यासारखे झटके ही याची लक्षणं. आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या लेखनात ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नावच पडलेलं आहे. फिट आली म्हणून आलेल्या माणसाला हे बाथरूममध्ये झालं का, असं विचारलं नाही, तर अपस्माराच्या गोळ्या सुरू व्हायच्या, इतकं ते सारखं दिसतं. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत, म्हणजे मीरा रोडपासून दोन स्टेशनांवर, एक शाळकरी मुलगी अशीच अंघोळीला गेली आणि वाचली नाही. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून हळहळले होते आणि पान उलटलं होतं.

इस्पितळाच्या बाकावर बसलेली असताना मुलीची आई हळूच म्हणाली, “काकू, महिनाभर अंघोळ करून आली की डोकं दुखतं म्हणायची.” मी म्हटलं, अगं मग मला का नाही सांगितलंस? ती गप्प राहिली. मग म्हणाली, “मागच्या घरी नळ गळतो म्हणून दोनदा सांगितलं, तर मालकांनी पुढच्या वेळी करारच केला नाही.” मला घरमालकीण असल्याची लाज वाटावी असा तो क्षण होता. पण खरी लाज अजून पुढंच होती. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी बाथरूम पाहिली. वर जी हवेची झडप असते, काचेच्या पट्ट्यांची, तिच्यावर बाहेरून ॲक्रिलिकची शीट घट्ट बसवलेली होती. कोणी बसवली, हे मला कोणालाच विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांपूर्वी कबुतरांनी डक्टमध्ये उच्छाद मांडला होता, तेव्हा मीच माणूस बोलावून ती लावून घेतली होती. काम नीट झालं म्हणून त्याला वर चहाही पाजला होता.

आता हिशेब मांडू. आकडेमोड नकोशी वाटणाऱ्यांनीही ही एवढी वाचावी. आपल्याकडची बाथरूम चार फूट बाय सहा फूट, उंची आठ. म्हणजे आत सुमारे साडेपाच घनमीटर हवा. पाइपनं येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. एक घनमीटर मिथेन पुरता जळायला साडेनऊ ते दहा घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण एक घनमीटर गॅस जाळतो. दहा मिनिटांच्या अंघोळीत त्याला दीड घनमीटरहून अधिक हवा हवी. झडप बंद, दाराखालची फट पाणी बाहेर येऊ नये म्हणून पट्टी मारून बुजवलेली. मग आतल्या हवेचा चौथा ते तिसरा हिस्सा एकट्या गिझरनं घेतला. अंघोळ करणाऱ्याचा श्वास वेगळाच. पुढच्या माणसाची अंघोळ त्याच हवेत. आमच्याकडे वडील आधी, मुलगी नंतर, असा क्रम होता.

मीरा-भाईंदरमध्ये हे गिझर इतके का, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. १९८५ मध्ये इथं नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या कडेनं इमारती उठल्या, त्या परवडणाऱ्या म्हणून. परवडणाऱ्या घरात वीज जपून वापरायची असते. बिलावरचं नाव बीएसईएसचं रिलायन्स झालं, २०१८ मध्ये अदानी झालं, आकडा काही खाली आला नाही. जुन्या इमारतींचं वायरिंग मोठ्या गिझरला पुरत नाही, हे आणखी एक. तेव्हा दोन सेलवर ठिणगी पाडून पेटणारा, नळ उघडला की गरम पाणी देणारा छोटा गॅस गिझर सोयीचा. स्वतःच्या घरात माणूस निदान तो बसवताना पाहतो. भाड्याच्या घरात तो आयता असतो, कोणी बसवला ते राहणाऱ्याला ठाऊक नाही आणि मालक दुसऱ्या गावात.

आमचा कोणी बसवला होता? स्टेशनबाहेर हार्डवेअरच्या दुकानात जो माणूस बसायचा, त्यानं. दुसऱ्यापेक्षा तीनशे रुपये कमी घेतले म्हणून मी त्याला निवडलं होतं. पुढं सोसायटीत महानगर गॅसचा पाइप आला. गॅस कंपनीच्या लोकांनी शेगडीचे जेट बदलून दिले, मग गिझरचं काय, तर पुन्हा तोच माणूस. त्यानं अर्ध्या तासात ‘कन्व्हर्ट’ करून दिला. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

या प्रसंगानंतर मी माणूस शोधायला लागले. पहिला आला तो पाण्याच्या फिल्टरपासून एसीपर्यंत सगळं दुरुस्त करणारा. त्यानं गिझर उघडून ब्रश मारला, फुंकर घातली, पेटवून दाखवला. झडपेचं सांगितलं तर हसला. “आंटी, इतने साल से चल रहा है ना? कुछ नहीं होता.” पाचशे रुपये घेऊन गेला. इतकी वर्षं चाललाय, हे प्रमाणपत्र आपण सगळेच किती सहज मान्य करतो! दुसऱ्यानं फोनवरच गिझरचा फोटो मागितला आणि नवा घ्या म्हणाला. त्याच्याच दुकानातून.

तिसरा माणूस गिझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून आला, पन्नाशीचा. बॅग खाली ठेवली आणि गिझरकडे न बघता विचारलं, “मॅडम, या बाथरूमला हवा कुठून येते?” शीट मी तोवर काढून टाकली होती. ती लावलेली असतानाच मुलगी पडली, हे सांगितलं. त्यानं वर पाहिलं, दाराखाली पाहिलं, आणि म्हणाला, “याची सर्व्हिस मी करणार नाही. आतमध्ये असेल तर हात लावणार नाही. बाहेर घ्यायचा असेल तर सांगा.” मला आधी रागच आला. पैसे देतेय, काम कर, हा आपला मालकी खाक्या. पण घरी आल्यावर वाटलं, तिघांमध्ये काम नाकारणारा हा एकच निघाला, आणि नाकारताना त्यानं कारण सांगितलं.

माझा भाचा लंडनजवळ हॅरोला भाड्यानं राहतो. त्याला हे सगळं फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, मावशी, इथं घराची किल्ली हातात द्यायच्या आधी मालकानं एक कागद दिला होता. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार घरमालकाला दर वर्षी गॅसच्या प्रत्येक उपकरणाची तपासणी करून घ्यावी लागते आणि तिची नक्कल भाडेकरूला द्यावी लागते. तपासणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नोंदवहीतला असावा लागतो. ही नोंदवही २००९ मध्ये सुरू झाली. तिच्याआधी ‘कॉर्गी’ नावाची १९७० पासूनची व्यवस्था होती, आणि तिच्या मागं १९६८ चा एक अपघात होता. पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या नव्याकोऱ्या बावीस मजली इमारतीत एका बाईनं सकाळच्या चहासाठी काडी ओढली, गळलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. भाच्यानं आणखी एक गमतीची गोष्ट सांगितली. त्या माणसाच्या ओळखपत्रावर पुढं फोटो आणि नंबर असतो, पण खरं वाचायचं असतं ते मागं. तो कोणकोणत्या उपकरणांना हात लावू शकतो, हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. शेगडीवाला बॉयलर उघडू शकत नाही. आपल्याकडे मागची बाजू सोडा, कार्डच नसतं.

आणि हे काही गरिबाच्या घरातच होतं असं नाही. फ्रान्समधला नामवंत कादंबरीकार एमिल झोला १९०२ मध्ये पॅरिसच्या आपल्या घरात रात्री झोपला तो सकाळी उठला नाही. शेकोटीचं धुराडं तुंबलं होतं. ते कोणी मुद्दाम तुंबवलं का, यावर लोक अजून वाद घालतात. आमच्या झडपेबाबत तो वाद नव्हता.

आपल्याकडे गिझरला हात लावणाऱ्या प्रत्येकाची नाव-नंबरासह अशी एक नोंदवही नाही. मग निवडायचा कसा? मी चार ठिकाणी विचारपूस केली त्यातून समजलं ते असं. पाइपच्या गॅसची कंपनी मीटर आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या कॉकपर्यंतची नळी सांभाळते. कॉकच्या पुढची रबरी नळी आणि उपकरण हे ग्राहकाचं. सिलिंडर असेल तर वितरकाकडे प्रशिक्षित मेकॅनिक असतो, तो शेगडी, रेग्युलेटर आणि नळी तपासतो. गिझरसाठी ज्या कंपनीचा गिझर तिचं अधिकृत सर्व्हिस सेंटर, हा सगळ्यात सरळ रस्ता. तिथून येणाऱ्याकडे ओळखपत्र असतं आणि तक्रार क्रमांक मिळतो, म्हणजे उद्या कोणाला तरी जाब विचारता येतो. हायड्रोकार्बन सेक्टर स्किल कौन्सिल या संस्थेच्या अभ्यासक्रमांतून शहरी गॅसच्या पाइप फिटरना प्रमाणपत्रं मिळू लागली आहेत. कोणी खासगी माणूस आला तर असलं काही प्रमाणपत्र आहे का, हे विचारायला लाजू नये. आपण स्वयंपाकाच्या बाईला आधी कुठं काम केलंस म्हणून दहा प्रश्न विचारतो.

पण कागदापेक्षा मला त्या पन्नाशीच्या माणसाचं काम पाहून जास्त कळलं. कारण मी शेवटी त्यालाच बोलावलं. आमच्या घरात बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. गिझर स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर, खिडकीशेजारी घ्यायचा, धूर नळीनं भिंतीतून थेट बाहेर काढायचा आणि गरम पाण्याची तेवढी नळी आत न्यायची, असं ठरलं. भिंतीला भोक म्हटल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी अर्ज मागितला. कबुतरांसाठी शीट लावली तेव्हा कोणी अर्ज मागितला नव्हता. असो.

जुना गिझर खाली काढून त्यानं बर्नर माझ्यासमोर उघडला. “हे बघा, जेट सुईनं मोठे केलेत.” सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात पाइपच्या गॅसच्या जवळजवळ अडीचपट उष्णता असते, म्हणून पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. ते कंपनीचे तयार जेट लावून करायचं असतं. आमच्या शहाण्यानं टोचून टोचून केलं होतं, एक भोक असं, दुसरं तसं. त्यामुळे अर्ध्या ज्योती निळ्या आणि अर्ध्यांना पिवळे शेंडे. पिवळा शेंडा म्हणजे अपुरं ज्वलन आणि वर काजळी. तांब्याच्या कॉइलच्या पट्ट्यांमध्ये काजळी इतकी बसली होती की धुराला वाट नव्हती. ही काजळी त्या पाचशे रुपयेवाल्याच्या ब्रशनंतरची, हे लक्षात घ्या. कॉइलच्या आतून क्षारांचा थर होता. उन्हाळ्यात टँकरचं पाणी घेणाऱ्या आमच्यासारख्या सोसायट्यांमध्ये तो होणारच, असं तो म्हणाला.

नवा गिझर पाइपच्या गॅससाठीच बनवलेला घेतला. खोक्यावर कोणत्या गॅससाठी हे लिहिलेलं असतं. एलपीजीवरच्या छोट्या गिझरचं मानक आहे आयएस १५५५८, ते पाइपच्या गॅसला लागू नाही, हेही त्यानंच सांगितलं. बसवून झाल्यावर त्यानं बॅगेतून एक पारदर्शक नळी काढली, इंग्रजी यू अक्षरासारखी, अर्धी पाण्यानं भरलेली. एक टोक गॅसच्या वाटेला जोडलं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण एकवीस सेंटिमीटरचा फरक पडला. “एकवीस मिलिबार. बरोबर आहे.” इतक्या वर्षांत आमच्या घरात गॅसचा दाब कोणी मोजला नव्हता. मग प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे येतात का पाहिलं. रबरी नळीवर छापलेली तारीख मला वाचायला लावली. या नळ्या पाच वर्षांच्या आत बदलायच्या असतात. शेवटी गिझर दहा मिनिटं चालू ठेवून बाहेर जाऊन धुराच्या नळीच्या तोंडाशी हात धरला. गरम वाफ बाहेर येत होती. हे सगळं त्यानं एका कागदावर तारखेसह लिहून सही केली. मागितलं नसतं तरी दिलं असतं, असा तो माणूस होता.

जाता जाता त्यानं आणखी एक गैरसमज दूर केला. मी उत्साहानं बाजारातून ‘गॅस डिटेक्टर’ आणून ठेवला होता. तो गळती ओळखणारा निघाला. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र वेगळं असतं, विकत घेताना नाव वाचून घ्यावं लागतं. गळतीचं यंत्रसुद्धा सिलिंडरवाल्यानं जमिनीलगत लावायचं, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, आणि पाइपवाल्यानं छताजवळ, कारण मिथेन हलका. सिलिंडरची गळती असेल तर १९०६ हा नंबर, आणि माणूस पडला असेल तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत ओढायचं, गॅस बंद करायचा, मग १०८. ऑक्सिमीटर लावत बसायचं नाही.

खर्च कोणी करायचा, हा प्रश्न भाडेकरूच्या नवऱ्यानं भीत भीत काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. मला वाटलं, कागद नोंदवायचा माझा जिम्मा, तर कागदात ‘चालू स्थितीत’ लिहिलेली वस्तू खरोखर माणसानं वापरण्याजोगी आहे का, हे बघणं कोणाचं? खर्च मी केला. पुढच्या करारात वकिलांना सांगून दोन ओळी घातल्या: गिझरची तपासणी दर वर्षी डिसेंबरच्या आत मालकानं अधिकृत माणसाकडून करून घ्यावी, तपासणीच्या कागदाची नक्कल राहणाऱ्याला द्यावी. वकील म्हणाले, असं कोणी लिहीत नाही, तुम्हीच अडकाल. म्हटलं, लिहा. मुलीच्या आईनं तिसरी ओळ सुचवली, ती वकिलांना पहिल्यापेक्षा विचित्र वाटली: दुरुस्तीची तक्रार केली म्हणून करार संपवणार नाही. तीही घातली.

गेल्या डिसेंबरात तिचाच फोन आला. “काकू, तारीख जवळ आली. त्या दादांना तुम्ही सांगताय की मी सांगू?” मी म्हटलं, तूच सांग, आणि येतील तेव्हा तू समोर उभी राहा. ज्योत निळी आहे का, ते तू बघ. मुलगी मागून ओरडली, मी बघणार.

बाथरूमची झडप आता उघडी आहे. कबुतरं परत आली आहेत. हवा जाऊ देईल अशी जाळी बसवणारा चांगला माणूस शोधते आहे.